सगळ्यात शांत लॅपटॉप

योगेशने चौथ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर कान टेकवला आणि डोळे मिटून घेतले. काउंटरमागे रावसाहेब हाताची घडी घालून बघत होते. धायरीतली शेती गेल्यावर त्याच जागेवर त्यांनी हे कॉम्प्युटरचं दुकान थाटलं होतं, पण डॉक्टरासारखा कान लावून माल तपासणारं गिऱ्हाईक त्यांना आजच भेटलं होतं.

“काय म्हणतोय पेशंट?”

“पंखा घोंघावतोय. घरी माइक शेजारीच असतो. सगळा आवाज गाण्यात उतरतो.”

“अवो, सोळा जीबी रॅम हाय, एसएसडी हाय, प्रोसेसर नवा हाय. पंख्याचं काय घेऊन बसलाय?”

योगेशची बायको अपेक्षा खुदकन हसली. योगेशला काही हसू आलं नाही.

आठ वर्षं हिंजवडीत कानाला हेडसेट लावून परदेशातल्या तक्रारी ऐकण्यात गेली होती. खरा जीव मात्र संध्याकाळच्या कामात. भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, जे येईल ते घरी रेकॉर्ड करायचं आणि नीट जमवून द्यायचं. कामं वाढली, तशी अपेक्षाच म्हणाली, “होऊन जाऊ दे एकदाचं.” राजीनामा दिला. परवा शुक्रवारी शेवटचा दिवस. आणि नेमका गेल्या आठवड्यात मांजरी गावच्या भजनी मंडळाच्या संपतबुवांचा, त्यांच्या भजनाचं रेकॉर्डिंग ऐकून, फोन आला.

“योगेशदादा, टाळ न्हाईत हे, सुया हायेत. कानात टोचत्यात.”

योगेशने पुन्हा पुन्हा ऐकलं. त्याला तर टाळ वाढवूनही अजून दबलेलेच वाटत होते. यवतमाळहून दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसाकडे पुण्यात दुसरं होतं काय? कान तेवढे होते. जुना लॅपटॉपच आवाज खातोय, असं त्याने ठरवून टाकलं. “नाचता येईना अंगण वाकडं,” अपेक्षाने आपलं सहज चिडवलं. तेव्हापासून एकच धोशा होता, लॅपटॉपचाच दोष निघू दे रे देवा.

रावसाहेब नवा खोका आणायला आतल्या खोलीत गेले. टेबलाच्या कडेला एक लॅपटॉप उघडाच पडला होता. योगेशने तो सुरू केला, खिशातला पेनड्राइव्ह लावला आणि तीस ट्रॅकचं सगळ्यात जड गाणं आवाज बंद ठेवून चालवलं. मशीनला घाम फुटायला हवा. मग कान टेकवला. घरघर नाही, घूं नाही, काही म्हणता काही नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

“सापडला! अपेक्षा, ऐक ना. कसा गप्प आहे बघ.”

अपेक्षा वाकली आणि झटकन मागे झाली. बोट कानाकडे निघालं होतं, ते तिने तसंच केसांतून फिरवलं.

“हो,” ती म्हणाली. “गप्पच आहे.”

तेवढ्यात रावसाहेब खोका घेऊन बाहेर आले.

“तो नका घेऊ साहेब. कालच गिऱ्हाइकानं परत आणलाय. जरा काम पडलं की बारीक शिट्टी मारतो. बघा, मारतोय की! माझ्या ह्या वयात मला आतल्या खोलीतबी ऐकू आली.”

योगेशने पुन्हा कान लावला, या वेळी गाल दुखेपर्यंत दाबून. बाहेरची रिक्षा ऐकू आली. अपेक्षाचा श्वासही ऐकू आला. शिट्टी काही आली नाही.

“येतेय का गं तुला?”

अपेक्षा बोटातली अंगठी फिरवत राहिली.

“परवा शुक्रवार आहे,” एवढंच ती म्हणाली.

रावसाहेबांच्या काही ध्यानात आलं नाही. त्यांनी खोका फोडून नवा लॅपटॉप समोर ठेवला. “ह्यो घ्या, एकदम भारी पीस. लावा कान.”

योगेश सवयीने वाकला, आणि मध्येच थांबला. मग त्याने तो लॅपटॉप हळूच अपेक्षापुढे सरकवला.

“तू ऐक,” तो म्हणाला. “आणि घरी गेल्यावर बुवांचे टाळ पण तूच ऐक.”

ती वाकली. तिच्या कपाळावर आठी उमटते का, ते बघत तो उभा राहिला.