नंबर एकशेसतरा

संख्याशास्त्रातल्या हयातीच्या विश्लेषणाच्या पेपरात ती एकदा आपटली होती. पुन्हा आपटली तर एम.एस्सी.चं घोंगडं भिजत पडणार होतं आणि निकालावर अडकलेली नोकरीही हातची जाणार होती. आईचं शिवणकाम आता डोळ्यांना झेपत नव्हतं, म्हणजे घर त्या नोकरीवरच चालायचं होतं.

सरांनी यंदा एका दवाखान्याची फाईल दिली होती. नव्या औषधावरचे एकशेसाठ रुग्ण, नावं काढलेली, नंबर तेवढे ठेवलेले. कोण किती दिवस जगलं याचा आलेख काढायचा. शेवटच्या रकान्यात एक म्हणजे माणूस गेला. शून्य म्हणजे मध्येच यायचा थांबला, पुढचं ठाऊक नाही.

"फाईलमधला एक आकडा जरी बदललात तरी नापास," सरांनी बजावलं होतं. "हुशारी उत्तरात दाखवा." सर बोलले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दुपारी ती संगणकावर एकेक ओळ तपासत एकशेसतरावर आली आणि तिचा हात थांबला. वय एकसष्ट, दोनशे तीन दिवस, शून्य. हा नंबर तिनंच बाबांच्या प्रत्येक कागदावर टपोरा लिहिला होता. त्या दोनशे तिसऱ्या दिवशीच्या तपासणीनंतर बाबांना जिना उतरवेना, म्हणून ते पुन्हा गेलेच नाहीत. अठ्ठावन्न दिवसांनी घरातच गेले.

दवाखान्याचे तीन फोन आले होते. घरात शिकलेली तीच, म्हणून बाबांच्या आजारपणाचा सगळा कारभार तिच्याकडे. तिन्ही वेळा तिनं फोन कापला. बाबा गेले हे परक्या माणसाला सांगायला तिची जीभ रेटेना. नंतर सांगू म्हणाली, आणि ते राहूनच गेलं.

आता गणिताचा भोळेपणा बघा. जो यायचा थांबला तो येत राहिलेल्यांसारखाच बरा असणार, असं ते खुशाल धरून चालतं. हे गृहीतक तिनं स्वतः घोकलं होतं. बाबा तर खालावले म्हणूनच थांबले होते. फाईलमध्ये असे शून्य एकेचाळीस होते आणि त्यांच्या जिवावर औषधाचा आलेख ऐटीत उभा होता. तिला स्वतःची लाज वाटली.

मशीनवर वाकलेल्या आईला तिनं सगळं सांगितलं, नापास होण्याचंही.

आईनं चष्मा काढला. "म्हणजे तिथं ते अजून गेलेले नाहीत?"

"तिथं पुढचं माहीत नाही, एवढंच."

"मग राहू दे की गं तसंच. कुठंतरी तरी राहू देत."

"आई, त्यामुळं औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. ते बघून दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांना देतील."

आईनं हातातलं कापड सारखं करून ठेवलं. मग उठली, कपाटातून एक पाकीट काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. मृत्यूचा दाखला. आणल्यापासून ते पाकीट कुणी उघडलं नव्हतं.

"तारीख नीट बघून सांग," आई म्हणाली. "अंदाजानं नको."

तिनं दवाखान्याला फोन लावला. पलीकडची बाई वैतागली. "आम्ही तीनदा फोन केला होता."

"हो. मीच कापला. एकशेसतरा नंबर माझे बाबा." तिनं दाखल्यावरची तारीख वाचून दाखवली. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

मग तिनं आपल्या फाईलमध्ये दोनशे एकसष्ट दिवस आणि एक असं भरलं, का बदललं ते खाली चार ओळींत लिहिलं आणि सरांना पाठवून दिलं. उरलेल्या चाळीस जणांचं तिच्या हातात काहीच नव्हतं.

आई मागं येऊन उभी राहिली होती. "झालं?"

"झालं."

"कुठं दिसतात ते?"

आलेखाची रेघ एका जागी जेमतेम नखाएवढी खाली उतरली होती. तिनं त्यावर बोट ठेवलं. आईनं चष्मा पुसून पुन्हा घातला, वाकून बघितलं.

"एवढंच?" आई म्हणाली.

बाबा गेले त्या दिवशी ती रडली नव्हती. आता पडद्यावरचं बोट न काढता ती रडत राहिली.