चार बोटं कमी पडलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना, बुटका सागवानी बाक आहे, आणि आज माझे चारही पाय जमिनीवर ठरत नाहीत. का ते सांगतो, पण आधी ओळख.

लकडगंजच्या आरागिरणीत काम करणाऱ्या लहानूंनी लग्नाच्या वर्षी उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं. त्यांच्या बायकोचं, अंजनाबाईंचं शिलाई मशीन तेव्हा हाताचं होतं, ठेंगण्या पेटीवर ठेवलेलं. माझी उंची त्याच मापाची. पुढे मोटारीचं उंच मशीन आलं, पण बाक मीच राहिलो. "नवऱ्याच्या हातचा हाये," असं त्या आमच्या साऱ्या सक्करदरा वस्तीला सांगत, नि मी फुगून जाई.

मग त्यांची कंबर दुखू लागली. तीन वर्षं मलम झालं, पट्टा झाला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीपर्यंत पायी जायचा त्यांचा नेम, तो दोनदा मोडला. दोन्ही वेळा ऑटोनं जावं लागलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. यंदा काही झालं तरी चालतच जायचं, असं त्यांनी ठरवलं.

ऑगस्टमध्ये त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. "कंबरेत एक सुई टोचली का मोकळं," त्या म्हणाल्या. "मले चालाले जायचं हाये."

"आई, डॉक्टर काय बोलले?" मुलगी पायल म्हणाली. "सुईनं कोणाले थोडे दिवस आराम पडते, कोणाले नाही पडत. व्यायाम त चुकतच नाही. आधी फिजिओथेरपी करून पाहू. नाही जमलं त सुईचं पुन्हा विचारू."

दोन दिवस घरात हो-नाही चाललं. शेवटी अंजनाबाई कबूल झाल्या.

फिजिओथेरपिस्ट वैभवी मॅडमनी सांगितलं होतं, काम करताना बसता त्याचा फोटो आणा. लहानूंनी मलाच ऑटोत घातलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो, मित्रांनो. वळणावळणाला माझा जीव टांगणीला लागत होता, पण मजाही येत होती.

"फोटोत माप कळत नाही, मॅडम," लहानू म्हणाले. "म्हणून बाकच आणला."

मॅडम हसल्या. त्यांनी अंजनाबाईंना माझ्यावर बसवलं, मशीनची उंची विचारली. "दुखण्याचं कारण एकच नसतं," त्या म्हणाल्या, "पण हा बाक फार बुटका आहे. पाठ गोल होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी माझं एवढं कौतुक केलं, त्यांनाच मी छळत होतो.

"याले फेकू नका जी," अंजनाबाई लहानूंना म्हणाल्या.

"फेकते कोण वं? पाय वाढवतो ना."

त्याच दिवशी माझ्या पायांना चार-चार बोटांचे ठोकळे लागले. मग व्यायाम सुरू झाले. त्यातला एक माझ्यावरच होता: हात छातीशी घ्यायचे, बसायचं, उठायचं, दहा वेळा. आधी त्या माझी कड घट्ट धरत. चौथ्या आठवड्यात त्यांनी कड सोडली, तेव्हा मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. शिवताना पायल त्यांना दर अर्ध्या तासाने उठवायचीच.

आज तो दिवस उजाडला. पांढरी साडी नेसून अंजनाबाई माझ्यावर बसल्या, चपला घातल्या. लहानूंनी हात पुढे केला.

"हात राहू द्या जी. पाण्याची बाटली धरा."

आणि त्या उठल्या, कशालाही न धरता. कंबर अजून अधूनमधून कुरकुरते, पण त्या चालत गेल्या.

मित्रांनो, आवडत्या वस्तूचंही माप कधीतरी घेऊन पाहा. आणि माझ्यासारख्यावर बसलात तर मधूनमधून उठत जा, आम्हाला राग येत नाही. सकाळपासून मी रिकामा आहे, आणि इतका खूश मी कधीच नव्हतो. आज दारात ऑटो आला नाही.