शिवण नसलेलं पुस्तक

मी एक ई-रीडर. एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे टोप्या घातलेल्या बायका दिवसभर एकाच जागी एकच स्क्रू पिळत बसायच्या. त्यांतल्या कुणीही माझ्यावर एक ओळसुद्धा वाचली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला फारसं काही वाटतच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका नर्सने मला विकत घेतलं, ते तिच्या आईसाठी. आईला सगळे बाइंडरबाई म्हणत. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढवले, खळ लावली. शिवता शिवता वाचायची खोड लागली ती कायमची. त्या कामाने घर चाललं आणि बोटांची मात्र वाट लागली. सांधे सुजले, आखडले. जाड पुस्तक उघडं धरणं जमेना.

मग नवऱ्याने धरायला सुरुवात केली. रोज दुपारी दोघं सोफ्यावर शेजारी बसायची. ते पुस्तक धरायचे, बाई वाचायच्या. पान संपलं की बाई "हं" म्हणायच्या आणि ते पान उलटायचे. स्वतः ते एक अक्षर वाचायचे नाहीत. कधी डुलकी लागली की पुस्तक मिटायचं. "अहो, गोष्टीतला माझा माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही झोपताय!" असं म्हणून बाई त्यांना कोपर मारायच्या. अशी सहा वर्षं गेली. एका कादंबरीच्या दोनशे बाराव्या पानावर ते आजारी पडले, लेकीच्याच इस्पितळात दाखल झाले आणि चौथ्या दिवशी तिथेच गेले.

हे सगळं मला लेकीच्या तोंडून कळलं. मी घरात आलो तो त्यानंतर महिन्याने.

"आई, हे बघ," लेक म्हणाली. "मनगटाला भार नाही. अक्षर हवं तेवढं मोठं कर. पान उलटायला बोट नुसतं टेकवायचं. शेकडो पुस्तकं मावतात, कपाट नको, धूळ नको. धरायला कुणी नसलं तरी..."

एवढं बोलून तिने जीभ चावली.

बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "याला पाठ कुठंय?"

"पाठ नसते याला."

"शिवण?"

"नाही गं."

"बरं. ठेव तिथे."

मी खणात गेलो, औषधांच्या पट्ट्यांशेजारी. हळूहळू माझी बॅटरी संपली. बाई दोन वेळा स्वयंपाक करायच्या, कुंड्यांना पाणी घालायच्या. कुणी काही विचारलं तर "बरं आहे" म्हणायच्या. त्या रडल्या नव्हत्या. लेकीला त्याचीच धास्ती होती.

दोन महिन्यांनी एका दुपारी बाईंनी ती कादंबरी टेबलावर ठेवली. बांधणी त्यांच्याच हातची, घट्ट. सोडलं की पुस्तक मिटायचं. त्यांनी एका बाजूला इस्त्री ठेवली, दुसऱ्या बाजूला पाण्याचा तांब्या. तिसऱ्यांदा इस्त्री सरकली आणि दोनशे बारावं पान वरपासून खालपर्यंत फाटलं. बाईंनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"ते तुझं यंत्र चालू कसं करायचं?"

लेक ड्यूटीवर होती. तिने फोनवरच एकेक पायरी सांगितली. मी चार्ज होईपर्यंत तिने तिकडूनच तीच कादंबरी माझ्यात पाठवली.

"यात पानांचे नंबर नाहीत गं. आम्ही दोनशे बारावर होतो."

"त्या पानावरचे दोनचार शब्द टाक. सापडेल."

शब्द बाईंना तोंडपाठ होते. वाकड्या बोटाने दहा वेळा चुकत त्यांनी ते टाकले. पान सापडलं. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि तशाच बसून राहिल्या. माझ्या सवयीप्रमाणे मी झोपी गेलो. त्यांनी मला उठवलं. पुन्हा झोपलो, पुन्हा उठवलं. असं पाच वेळा झालं. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "हं."

पान उलटलं नाही. मग त्यांनी स्वतः बोट टेकवलं.

नऊ दिवसांत कादंबरी झाली.

"कशी होती?" लेकीने विचारलं.

"संपली."

"दुसरं घालू?"

"घाल."

याला आता दोन वर्षं झाली. बाईंनी चाळीसेक पुस्तकं वाचली. कुठल्याही पुस्तकाला त्या हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. पण दुपारी तीन वाजले की मला उचलतात.

परवा लेक ड्यूटीवरून थेट आली, चपला न काढताच सोफ्यावर बसली. वडील बसायचे तिथेच. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आज एक आजोबा गेले," ती म्हणाली. "बाबांच्याच खाटेवर." आणि ती रडू लागली. तिलाही इतके दिवस रडायला सवड मिळाली नसावी.

बाईंनी नजर माझ्यावरून काढली नाही. मला डाव्या हातात घेतलं आणि उजवा, आखडलेला हात लेकीच्या केसांवर ठेवला. तो सरळ होत नाही, त्यामुळे नीट बसला नाही, पण त्यांनी तो काढला नाही. त्या वाचत राहिल्या. चार पानं झाली.

माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे. बॅटरी पूर्वी आठवडे पुरायची, आता दोन दिवसही धड टिकत नाही. मी बंद पडलो तर माझ्या जागी दुसरा आणा. बाई त्याला नि मला वेगळं ओळखणार नाहीत, आणि मलाही त्याचं काही वाटणार नाही. फक्त मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका.