पंधरावं रत्न

त्या दिवशी भिमाजी आबांच्या विहिरीवर सात-आठशे माणूस असेल. केंदूरच्या पुढे दीड कोसावर ही वस्ती. एरवी तिथे दुधाच्या टेम्पोशिवाय काही थांबत नाही. आता शिरूरच्या बाजूने जीपगाड्यांची रांग लागली होती आणि पार भांडगावहून पिकअप भरून बायका आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात रिकामी बाटली.

विहिरीच्या कठड्याला लागून मंडप होता. मंडपात पाट, पाटावर लाल कापड आणि त्यावर काचेची टाकी. टाकीत जुन्या दोराचा एक तुकडा लोंबत होता आणि त्याला साबुदाण्याची खीर थिजावी तसा मुठीएवढा गोळा चिकटला होता. मागून दिवा सोडलेला. उजेडात गोळ्याच्या अंगावर बारीक पांढरी झालर हलताना दिसायची. लोक त्याला कमळ म्हणत होते.

"भक्तांनो!" जलनाथ बाबांचा माईक किंचाळला. "समुद्रमंथन झालं, चौदा रत्नं निघाली. पंधरावं कुठं गेलं? कुणी इचारलं का? न्हाई इचारलं! समुद्रानं ते लपवलं, आन् जमिनीखालनं वाहत वाहत ते हितं आलं. हे अमृतकमळ हाय. पुण्यवान समोर आला की उमलतं, पापी आला की मिटतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ म्हणत्यात, यात क्वांटम व्हायब्रेशन हाय!"

अमेरिकेतले कुठले शास्त्रज्ञ ते बाबांनी सांगितलं नाही. व्हायब्रेशन होतं, हे मात्र खरं निघालं.

रांगेतून एक म्हातारा टाकीसमोर आला. बाबांनी डोळे मिटले. दोन क्षणांत ती पांढरी झालर जागच्या जागी गडप झाली आणि नुसता गुळगुळीत गोळा उरला. "मिटलं! मिटलं!" असा गिल्ला झाला. म्हातारा मटकन खाली बसला आणि रडायला लागला. आयुष्यात कुठलं पाप केलं ते आठवत असावा बिचारा.

मी रांगेत मागे उभा होतो. आदल्या दिवशी माझ्या भाचीला अग्नी देऊन आलो होतो. आणि हे कमळ गावाला मीच दिलं होतं.

माझं नाव नागसेन. मी पाणबुड्या आहे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतो. खोल समुद्रातल्या तेलाच्या फलाटांचे पाय तपासायचे, त्यांना चिकटलेली जिवंत घाण खरवडायची, हे माझं बारा वर्षांचं काम. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आबांची पाणबुडी मोटर दोर तुटून विहिरीत गेली होती. आबा स्वतः दारात आले. "नागसेन, तेवढी मोटर काढून दे बाबा. तुझ्यासारखा माणूस तालुक्यात न्हाई."

ज्या विहिरीचं पाणी माझ्या आजीला कठड्यापासून दहा पावलं लांब उभं राहून ओंजळीत मिळायचं, तिच्या तळाशी उतरायला आता मला आबा बोलवत होते. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. अर्धी वस्ती बघायला जमली. माझी बहीण सीमा आली, तिची अकरा वर्षांची हर्षदा आली आणि माझी आई सोजरबाई तर सगळ्यांत पुढे.

चाळीस फूट पाण्यात मोटर सापडली आणि तिच्या दोरावर तो गोळा दिसला. हातमोज्याने हात लावला तर झालर आत गेली. थोडं थांबलो, पुन्हा बाहेर आली. मी कपाळावरच्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं, दोराचा तुकडा कापून वर आणला. वर लोकांनी गराडा घातला. रविराजने माझ्या तोंडासमोर मोबाईल धरला आणि विचारलं, "काय हाय हे?"

मी छाती फुगवून म्हणालो, "बारा वर्षं समुद्रात काढली, पण असलं जनावर कधी पाहिलं नाही. काय आहे, मला माहीत नाही."

त्यावर हर्षदाने मला काहीतरी विचारलं. मी हसलो आणि "नंतर सांगतो" म्हणालो.

हा रविराज म्हणजे आमच्याकडचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथे पाणी, घ्या बोअर. त्याचे लागोपाठ सात बोअर कोरडे गेले आणि लोक त्याला बांधावर उभा करीनात. दोराचा तुकडा मी कठड्यावरच विसरलो. माझ्या मागे तो रविराजने उचलला. आठ दिवसांत त्याची दाढी वाढली आणि नाव जलनाथ झालं. मोबाईलवर फिरणारी त्याची चित्रफीत माझ्या "मला माहीत नाही" या शब्दांवर संपायची. त्याखाली लिहिलेलं असायचं: विज्ञानाने हात टेकले.

विज्ञानाने हात टेकले नव्हते. नागसेनने टेकले होते, तेही धड प्रयत्न न करता.

परत फलाटावर गेल्यावर मी ते चित्रण पुण्यातल्या एका प्राणिशास्त्राच्या मॅडमना पाठवलं. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कशाला चिकटलं होतं? हात लावल्यावर काय झालं? झालर घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे का? मी चित्र मोठं करून पाहिलं. होती. त्यांचं उत्तर आलं, "हे एक जनावर नाही, एका गोळ्यात राहणारे शेकडो बारीक प्राणी आहेत. ब्रायोझोआ. झालर म्हणजे त्यांचे खायचे हात. पाणी हललं, धक्का बसला की हात आत घेतात. तुम्ही समुद्रात रोज खरवडता ना, त्यात यांचेच भाऊबंद असतात."

बारा वर्षं मी ज्यांना घाण म्हणून खरवडत होतो, तेच गोड्या पाण्यात भेटले तर ओळख पटली नाही. मी हे सगळं गावाच्या ग्रुपवर लिहिलं. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, "नागसेनभाऊ, देवाच्या कामात पडू नका." मग मला ग्रुपमधून काढलं. मी म्हटलं, मरू दे. घरी फोनही केला नाही. आमच्या घरात कुठल्या देवाचा फोटो नाही, बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. आमच्यातलं कोण जाणार तिकडे?

हर्षदाला चौथ्या वर्षापासून साखरेचा आजार. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ सुई. पोरीने कधी तक्रार केली नाही. सुई टोचताना ती पाढे म्हणायची, सात एके सातपासून. सीमा रांजणगावला कंपनीत. त्या आठवड्यात तिची दुपारची पाळी होती, घरी यायला मध्यरात्र व्हायची. सुई द्यायचं काम आईकडे होतं.

आईने हर्षदाला टाकीसमोर नेलं. कमळ मिटलं.

बाबा म्हणाले, "सुई टोचल्यालं अंग बाटल्यालं असतंय, माय. सुई बंद कर. कमळ उमललं की पोर बरी झाली समज."

आईने सुई बंद केली. सकाळी पाळीची दमलेली सीमा उशिरा उठायची, तिला सुई दिली असंच सांगितलं. रोज संध्याकाळी ती हर्षदाला विहिरीवर न्यायची आणि बाटलीभर पाणी पाजायची. दुसऱ्या दिवशी पोर घटाघटा पाणी प्यायला लागली, सारखी लघवीला जाऊ लागली. बाबा म्हणाले, "रोग भाईर पडतोय." तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, सीमाला आईने पित्त म्हणून सांगितलं. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. कुठलाही डॉक्टर त्या वासाने दचकून उठला असता. बाबा म्हणाले, "अमृत भिनलं."

चौथ्या दिवशी ती टाकीसमोर उभी राहिली आणि कमळ मिटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने गूळ वाटला.

पाचव्या दिवशी पहाटे सीमाला ती बेशुद्ध सापडली. शिरूरला दवाखान्यात नेईपर्यंत श्वास नुसता ओढत होता. दुपारी हर्षदा गेली.

मला सीमाने सगळं सांगितलं ते स्मशानातून परतल्यावर, दाराच्या पायरीवर बसून. रडत नव्हती. म्हणाली, "दादा, आजारी पडायच्या आदल्या रात्री मी घरी आले तर जागीच होती. मला म्हणाली, आई, ते फूल मिटायच्या आधी पाटाखाली मोबाईल थरथरल्यासारखा आवाज येतो. मी दमले होते. म्हटलं, झोप आता."

तो आवाज डोक्यात घेऊन मी रांगेत उभा होतो.

बाबांनी मला ओळखलं. घाबरतील असं वाटलं होतं, उलट माईकवर ओरडले, "ह्यो बघा! रत्न समुद्रानं पाठवलं, काढलं ह्या वाघानं! या नागसेनराव, वर या." मग आवाज बारीक करून म्हणाले, "तुमच्या भाचीला कमळानं पदरात घेतलं. शेवटी उमललं व्हतं तिच्यासमोर. भाग्याची पोर."

त्याच्या नरड्याला हात घालावा असं वाटलं. घातला नाही, कारण मग लोकांनी मला झोडपलं असतं आणि कमळ तसंच राहिलं असतं.

मी म्हणालो, "बाबा, सगळ्यांत पुण्यवान कोण इथे? आबाच ना? विहीर त्यांची, मंडप त्यांचा. त्यांना उभं करा."

भिमाजी आबा पागोटं सावरत पुढे आले. झालर डोलत होती. "बघा," बाबा म्हणाले, "आबांच्या म्होरं कसं फुललंय!"

विहिरीजवळ आबांची मोटारीची खोली आहे. तिच्या भिंतीवर चुना मारलाय, पण चुन्याखालून जुनी अक्षरं अजून वाचता येतात: 'पाणी हमखास. रविराज पाणाडी', आणि खाली नंबर. बाबांच्या फ्लेक्सवर आता दुसरा नंबर आहे. जुना फोन माणूस टाकून देत नाही, कुठेतरी लावतो. माझा नुसता अंदाज होता. मी खिशातला मोबाईल काढला आणि भिंतीवरचा नंबर लावला.

पाटाखालून गुं-गुं झालं. आबांच्या डोळ्यांदेखत कमळ मिटलं.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी काय पाप केलं, बाबा?"

"तुम्ही नाही, आबा. थांबा, आता उमलेल." मी फोन बंद केला. आम्ही सगळे थांबलो. हळूहळू एक-एक करत झालर बाहेर आली. मी पुन्हा फोन लावला. मिटली. आता पुढच्या रांगेतल्यांनाही आवाज ऐकू आला.

"काकू," मी आबांच्या कारभारणीला, कस्तुराबाईंना म्हणालो, "तेवढी कापडाची कड उचला."

"हात लावू नगा! कोप हुईल!" बाबा ओरडले.

कस्तुराबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "त्या पोरीला म्या माझ्या हातानं पाणी पाजलंय. आजून काय कोप व्हायचा ऱ्हायलाय?" त्यांनी पाटावरून लोंबणारी कापडाची कड वर केली. टाकीच्या बरोबर खाली, पाटाच्या फळीला खालून चिकटपट्टीने बसवलेला मोबाईल थरथरत होता. त्यावर माझा नंबर दिसत होता. गर्दीतला बाबांचा चेला पापी माणूस पुढे आला की खिशातून फोन लावायचा. कोण पापी, ते बाबा डोळे मिटून त्याला सांगायचे.

मी माईक घेतला आणि मॅडमनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. टाकीवर बोटाने टिचकी मारून दाखवली. मग लोकांना मारायला सांगितली. दहा जणांनी मारली, दहाही वेळा मिटलं. पापी असो की पुण्यवान, त्या बारीक जिवांना धक्क्यापलीकडे काही कळत नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक खाली मान घालून गाड्यांकडे गेले. एका बाईने मात्र जाता जाता बाटली भरून घेतली. "असू द्या," ती म्हणाली, "एवढ्या लांबनं आलोय." रविराज आणि त्याचा चेला आता जादूटोणाविरोधी कायद्याच्या गुन्ह्यात आत आहेत. रविराज सुटेलही उद्या. नवा गोळा शोधायला त्याला वेळ लागणार नाही.

घरी आलो तर आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यावर ओरडलो. जे बोलायला नको होतं तेही बोललो. म्हणालो, "बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत तुला, आणि तू त्या भोंदूच्या पाया पडलीस?"

"भोंदूच्या न्हाई पडले रे," आई म्हणाली. "देवाला तर आयुष्यात गेले न्हाई. म्या तुझ्यावर इस्वास ठिवला. तूच म्हनला हुतास, तुला म्हाईत न्हाई. मला वाटलं, माझ्या शिकल्याल्या पोराला ज्ये कळंना, ते कायतरी लई मोठं असंल."

मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो.

तेव्हा वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो. डॉक्टरने दिलेली सुई कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, मग तो पाण्यावर चालून दाखवो. आणि एखादी गोष्ट कळली नाही तर ती कळली नाही एवढंच समजा. न कळणं म्हणजे देव नव्हे. तिथे थांबायचं नसतं, तिथून विचारायला लागायचं असतं. मी थांबलो, आणि जिथे थांबलो तिथेच रविराजने मंडप घातला.

मोटर काढली त्या दिवसाचं पूर्ण चित्रण माझ्या कपाळावरच्या कॅमेऱ्यात आहे. गावभर फिरलं ते माझ्या वाक्यापाशी तोडलेलं होतं. माझ्याकडचं पुढे चार सेकंद चालतं. त्यात मी म्हणतो, "मला माहीत नाही." आणि लगेच कठड्याकडून हर्षदाचा आवाज येतो:

"मग कुणाला माहीत असतं, मामा? त्यांना विचारू या ना."