साडेतीन मिलिमीटर

सातपूरच्या कामगार वसाहतीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सासरा आणि सून मिळून मेंडोलिनं बनवत. मिळून म्हणजे एका छपराखाली, एवढंच. वाद्य सावळीरामने केलेलं असो की उज्वलाने, पोटात चिठ्ठी एकच चिकटायची: ‘सावळीराम गांगुर्डे, नाशिक’. सहा वर्षांत उज्वलाने एकतीस वाद्यं केली आणि एकतीस वेळा स्वतःच्या हाताने सासऱ्याचं नाव चिकटवलं. नवरा शेखर म्हणायचा, जाऊ दे ना, घरातलंच नाव आहे. त्याचं काय जात होतं म्हणायला.

सावळीरामने जन्मभर फाउंड्रीत पॅटर्नमेकरचं काम केलं. लोखंड ओतायच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करायचे, तेही केसाचा फरक न ठेवता. त्यामुळे त्याचा विश्वास पट्टीवर होता, कानावर नाही. उज्वला मात्र वरची फळी तासताना टिचक्या मारून ऐकायची. फळी जाड राहिली तर आवाज आतच घुसमटतो, फार पातळ झाली तर पत्र्यासारखा किरकिरतो. मधली जागा सापडेपर्यंत ती रंधा सोडत नसे. “ही बघा, कलिंगड घेतीय,” असं म्हातारा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा आणि गिऱ्हाईक हसायचं. एवढं करूनही म्हाताऱ्याच्या वाद्याचा आवाज आपल्यापेक्षा गोल आहे, हे उज्वलाला ठाऊक होतं. तेच तिला सगळ्यांत जास्त झोंबायचं.

मार्चमध्ये ऑर्केस्ट्रात वाजवणारा राज नवं मेंडोलिन सांगायला आला, तेव्हा तिने त्याच्यादेखत तोंड उघडलं.

“मामा, यापुढं माझ्या वाद्यात माझं नाव घालणार मी.”

सावळीराम हसला. “मग पैज लाव. दोघं एकेक करू. राज डोळे मिटून निवडंल. तुझं निघालं तर चिठ्ठी तुझ्या नावाची. माझं निघालं तर पुन्हा शेडात पाय ठेवायचा नाय.”

“चालेल,” ती म्हणाली. राज बिचारा चपलेत पाय सरकवत उभा राहिला.

दोन आठवड्यांनी सावळीराम दांडीवर पडद्यांच्या, म्हणजे तार दाबून सूर काढायच्या आडव्या धातूच्या काड्यांच्या, खाचा पाडायला बसला. नेहमीची पट्टी सापडेना, म्हणून त्याने जुन्या ट्रंकेतली काढली. चहा ठेवताना उज्वलाने पाहिलं, ती फाउंड्रीची पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच शंभराला एक मोठी आखलेली असते. नुसत्या नजरेला तो फरक कळत नाही आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तर मोतीबिंदू. सगळ्या खाचा त्या पट्टीने पडल्या. चार दिवसांनी नेहमीची पट्टी सापडली आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी त्याने या दुसऱ्या पट्टीने मोजून बसवली. इतर कारागीर घोडी सुटी ठेवतात, तारांच्या दाबाने ती जागेवर राहते. सावळीराम चिकटवून टाकायचा. मोजून ठेवलेल्या वस्तूने हलायचं कारणच काय, असं त्याचं म्हणणं.

“मामा,” उज्वला म्हणाली.

“गप. मापं चाललीत हितं. तू जा, कलिंगडं वाजव.”

तिने पुढचे शब्द गिळले. गिळताना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी राज आला आणि डोळे मिटून बसला. उज्वलाचं वाद्य त्याने आधी वाजवलं. स्वच्छ वाजलं. मग सावळीरामचं हातात घेऊन मोकळ्या तारा छेडल्या आणि शेड भरून गेली. असा आवाज उज्वलाने आजवर ऐकला नव्हता. राज हसत हसत वरच्या पडद्यांकडे गेला, तसतसा प्रत्येक सूर जास्त जास्त चढा लागत गेला. त्याने डोळे उघडले.

“काका, पडदे चुकलेत. एवढा गोड आवाज, पण सुरातच नाही. काय करू याचं?”

“पुन्हा वाजव.”

राजने पुन्हा वाजवलं. या वेळी ते सावळीरामच्या कानालाही कळलं. राज उज्वलाचं वाद्य घेऊन खालमानेने निघून गेला.

सावळीरामने करवतीचं मशीन चालू केलं. मेंडोलिन आडवं धरलं. उज्वला दोन हातांवर उभी होती. थांबा म्हणायला तिला पुरेसा वेळ होता, आणि ती थांबा म्हणाली नाही. तारा तटातट तुटल्या आणि वाद्याचे दोन तुकडे झाले.

मशीन बंद करून त्याने विचारलं, “कुठं चुकलो?” सहा वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“पडदे फाउंड्रीच्या पट्टीनं पाडलेत तुम्ही. तारेची लांबी साडेतीनशे, म्हणजे घोडी साडेतीन मिलिमीटर मागं घ्यायची होती. गरम सुरीनं सुटली असती. अर्ध्या तासाचं काम.”

“तुला कधी कळलं?”

“चिकटवलीत तेव्हाच.”

सावळीरामने दोन्ही तुकडे उचलून कोपऱ्यात ठेवले. मग त्याने कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन तिच्यासमोर सरकवलं.

“पैज ती पैज. लिही तुझं नाव.”

तिने ‘उज्वला’ लिहिलं. पुढचं अक्षर काढणार, तोच म्हाताऱ्याचा हात कागदावर पडला.

“गांगुर्डे लिहू नको. ते माझं हाय.”