हातचा न घेतलेली वजाबाकी

“थांबवू का इथं?” असं म्हणत शिवलकर सरांनी बटण दाबलं आणि टीव्हीच्या पडद्यावर, सरावपाठाच्या चित्रफितीत, सगुणाबाई हात वर, तोंड उघडं अशा थिजल्या. अध्यापक विद्यालयाचा अख्खा वर्ग खो-खो हसला.

सगुणाबाई त्यांच्यात सर्वांत मोठ्या, सेहेचाळीस वर्षांच्या. मालगुंडजवळच्या शाळेत वीस वर्षं शिकवून झाल्यावर त्यांना रत्नागिरीला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. लेकाच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसायची त्यांना आधीच लाज वाटे.

“बाई, हा प्रश्न विचारताना तुमच्या मनात काय चाललं होतं?”

“काय चालणार? वजाबाकी!”

सरांनी फीत मागे नेली. आता बाई पुढे वाकून बघू लागल्या. प्रश्न संपतो न संपतो तोच पडद्यावरच्या बाई उत्तर सांगून मोकळ्या होत होत्या. एकदा, दोनदा, नऊ वेळा.

“अगो बाय माझे! मीच इचारतंय नि मीच सांगतंय. मग पोरां कशाला हवीत?”

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पण पदराआड त्यांना वीस वर्षांतली गप्प पोरं आठवत होती. येत नाही म्हणून गप्प, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरावशाळेच्या तिसरीत, बाईंच्या उंचीला लावलेल्या कॅमेऱ्यासमोर, त्यांनी विचारलं, “बावन्न बांगडे, सत्तावीस विकले. उरले किती?”

आणि त्या थांबल्या. उत्तर जिभेवर आलं होतं. ओठ घट्ट मिटून त्या स्वतःला बजावत राहिल्या, बोलू नको सगुणा, पोरं विचार करतायत.

बऱ्याच वेळानं कोपऱ्यातली गोदा नावाची मुलगी उठली. “पंचवीस. पण मी हातचा नाय घेतला, बाई.”

“मग कसं केलंस गो?”

“सत्तावीसात तीन घातले की तीस. तिसात बावीस घातले की बावन्न. तीन नि बावीस.”

बाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. आनंदानं त्यांनी खडू तिच्या हातात दिला. “ये, मला शिकव.”

“मग तुम्ही खाली बसा,” गोदा म्हणाली. बाई मुलींच्या रांगेत मांडी घालून बसल्या.

विद्यालयात या पाठाची फीत लागली तेव्हा सर गोंधळले. “बाई, शेवटची पाच मिनिटं तुम्ही दिसतच नाही हो!”

“मी खाली बसलंय, सर.”

पडद्यावर काळा फळा होता आणि खालच्या कडेतून कसाबसा वर पोचणारा एक लहानसा हात आकडे लिहीत होता. बाकावर बसून सगुणाबाई ते आकडे वहीत उतरवून घेत होत्या.