उजेडबाबांची सत्यज्योत

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सकाळी दहाच्या आत रांग लागायची, आणि ती माझ्या औषधाच्या दुकानापुढे नसायची. लोक शेजारच्या सभागृहात उजेडबाबांची सत्यज्योत बघायला जात होते. वीतभर लांबीची एक नळी, तिला वरून लाल मखमल, टोकाला काचेचा दिवा. आत सेल नाही, बाहेर वायर नाही, तेल-वात तर नाहीच. ती हातात घ्यायची आणि एक वाक्य बोलायचं. वाक्य खरं असेल तर दिवा लागणार, खोटं असेल तर अंधार.

पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीतले कंडक्टरमामा पुढे झाले. हे बसवर कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ थापा मारतात. त्यांना हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. डावं-उजवं सांगतानासुद्धा आजूबाजूची माणसं दोन पावलं मागे सरतात. त्यांनी ज्योत हातात घेऊन सांगितलं की एकदा घाटात ब्रेक निकामी झालेली बस त्यांनी मागच्या शिडीला धरून एकट्याने थांबवली होती. बस कशी ओढली, पाय कसे घसरले, सगळं करून दाखवलं आणि दिवा लखलख लखलख पेटला. संध्याकाळी मामा माझ्या दुकानात झोपेच्या गोळ्या मागायला आले आणि हळूच म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं की ती गोष्ट मीच रचली आहे. पण दिवा लागला म्हणजे बस थांबवली असणारच मी."

मी त्यांना झोपेच्या गोळ्या न देता घरी पाठवलं.

बाबांचं प्रवचन ऐकण्यासारखं होतं. "सत्य म्हणजे ऊर्जा," ते डोळे मिटून सांगायचे. "ऊर्जा म्हणजे कंपन. आणि कंपन म्हणजे व्हायब्रेशन." यावर लोक माना डोलवायचे. ज्याचा दिवा लागत नाही त्याचं मन वस्तूंमध्ये अडकलेलं आहे, असं त्यांचं निदान असे. उपायही तयार होता. घरातली सर्वांत लाडकी वस्तू आणून बाबांच्या चरणी ठेवायची. पैशाला ते हात लावत नसत, त्यामुळे लोकांना ते फारच निर्मळ वाटले. सभागृहाच्या मागे मात्र एक टेम्पो उभा होता आणि त्यात इस्त्र्या, कुकर, टेबलफॅन असे शिस्तीत रचलेले होते. आमच्या आईने मिक्सर दिला. तेव्हापासून घरात सगळंच जाडंभरडं होऊ लागलं, तिच्या बोलण्यासकट.

मी हसत होतो, पण माझं हसू चौथ्या दिवशी मावळलं.

माझ्या दुकानासमोर एक अरुंद दुकान आहे. त्याच्या डाव्या अर्ध्यात घड्याळवाला बसतो, उजव्या अर्ध्यात त्याची बायको पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरींचं वाइंडिंग करते, म्हणजे त्यांना नवी तांब्याची तार गुंडाळते. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. घड्याळवाला मोजकं बोलतो. त्याचा हात इतका स्थिर की तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून तो शिंक येऊन जाईपर्यंत थांबू शकतो. गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे नुसतं बाई म्हणतो, त्यांनी आपल्या दिवंगत यजमानांचं चावीचं मनगटी घड्याळ त्याच्याकडे साफ करायला दिलं होतं. ते घेऊन गेल्यावर चार दिवसांनी बाई परत आल्या. घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे पळत होतं. घड्याळवाल्याने आतले अस्सल भाग काढून नकली घातले, असा त्यांचा ठाम ग्रह झाला. घड्याळ त्याच्या हातात द्यायलाही त्या तयार होईनात. म्हणाल्या, ज्योतीसमोर चल.

तो गेला. बाबांनी त्याला सांगितलं की ज्योत छातीशी धर, अजिबात हलू नकोस आणि बोल. तो त्याच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला, "मी बाईंच्या घड्याळातला एकही भाग बदललेला नाही."

दिवा लागला नाही. त्याने पुन्हा सांगितलं. तरी नाही. मागून कोणीतरी चुकचुकलं.

दुपारपर्यंत लोक आपापली घड्याळं परत न्यायला आले. ज्यांची दुरुस्त व्हायची होती तेसुद्धा बंद घड्याळं घेऊन गेले. त्यांच्यात पंधरा वर्षांपासूनचे शेजारी होते. मला सर्वांत वाईट वाटलं ते पुढचं. त्याने दुकान अर्धं ओढून घेतलं आणि वहिनींना विचारलं, "माझ्याकडून नकळत बदलला गेला असेल का गं एखादा भाग?" तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःच्या कामाबद्दल असं कधीच विचारलं नव्हतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. मी त्याला समजवायला गेलो, पण त्याने नुसती मान हलवली. कंडक्टरमामांवर ज्याने विश्वास दाखवला त्या दिव्याने आपल्यावर अविश्वास दाखवला, हे त्याच्या पार मनाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेळेआधी दुकान उघडायला निघाला. वीस मिनिटं आधी. वहिनींनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं तेव्हा त्याने मनगटाकडे पाहिलं. त्याचं स्वतःचं चावीचं घड्याळ, जे कधी अर्ध्या मिनिटानेही चुकलं नव्हतं, ते पुढे पळालं होतं. मग मात्र त्याच्यातला कारागीर जागा झाला. त्याने खणातून छोटंसं होकायंत्र काढलं आणि घड्याळाजवळ नेलं. सुई गर्रकन वळली.

"याला चुंबक लागलंय," तो म्हणाला. चुंबकाजवळ गेलं की आतली केसासारखी स्प्रिंग भारली जाते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. आणि काल त्या मनगटाजवळ एकच नवी वस्तू आली होती.

वहिनींनी हातातला पंखा खाली ठेवला. नळीत चुंबक आहे, आणि दिवा मामांच्या हातवाऱ्यांना लागला, निश्चल उभ्या राहिलेल्या नवऱ्याला नाही. जिने अर्धं आयुष्य तांब्याच्या तारेचे वेढे घालण्यात काढलं तिला, वेढ्यांतून चुंबक हललं की वीज तयार होते, हे सांगायची गरज नव्हती.

त्या थेट माझ्या दुकानात आल्या आणि विरघळणाऱ्या गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची नळी मागितली. थोडा कापूसही घेतला. जुन्या फुटक्या स्पीकरांतली बटणाएवढी चुंबकं एकावर एक चिकटवून त्यांनी एक कांडी केली. ती नळीत सैल सरकते की नाही ते पाहिलं. दोन्ही टोकांना कापूस ठासला, म्हणजे चुंबक आपटून आवाज येणार नाही. मग नळीच्या मधोमध बारीक तांब्याच्या तारेचे दीड हजार वेढे घातले आणि तारेची टोकं दोन छोट्या एलईडींना जोडली, एक सुलटी, एक उलटी, म्हणजे चुंबक कुठूनही कुठे गेलं तरी एक तरी पेटेल. हलवलं. काहीच नाही. मी निराश झालो. घड्याळवाल्याने भिंग लावून पाहिलं आणि तारेच्या टोकांवरचा लाखेचा थर पॉलिशपेपरने खरवडला. मग हलवलं आणि माझ्या काउंटरवर उजेड नाचायला लागला. मी दुकानातल्या सगळ्या बाटल्यांवर तो मारून बघितला. वय वर्षं एकावन्न.

संध्याकाळी आम्ही तिघे सभागृहात गेलो. बाबांचं कंपन आणि व्हायब्रेशन चालू होतं. वहिनी उभ्या राहिल्या. "म्हणजे हलवायचं," त्या म्हणाल्या.

बाबांनी डोळे उघडले.

वहिनींनी आपली नळी नवऱ्याच्या हातात दिली आणि सर्वांसमोर खोटं बोलायला सांगितलं. तो बिचारा घाबरला. आयुष्यात सराव नव्हता. बराच विचार करून, नळी वर-खाली हलवत, गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मी जिराफ आहे." दिवा लखलखला. सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. मग रांग लागली. एकाने आपण पंतप्रधान असल्याचं सांगितलं, आमच्या आईने आपलं वय एकवीस सांगितलं, आणि दिवा प्रत्येकाला हो म्हणत गेला.

बाबा म्हणाले की ही नकली ज्योत आहे, हिला सत्य कळत नाही. वहिनी म्हणाल्या, तर मग अस्सल ज्योत छातीशी धरा, अजिबात हलू नका, आणि नुसतं स्वतःचं नाव सांगा. बाबांनी नाव सांगितलं. अंधार. त्यांचा हात हळूहळू हलू लागला तसं पुढच्या रांगेतून बाईंचा शाळेतला आवाज आला, "हात स्थिर." बाबांचा हात थांबला. साठ वर्षांच्या माणसाचा हात त्या आवाजाला थांबतोच.

मग लोकांना एकेक आठवायला लागलं. वस्तू दिलेल्याला बाबा सांगायचे, ज्योतीला तीनदा जोरात वर-खाली झुलवून नमन करा. न दिलेल्याला सांगायचे, निश्चल उभे राहा. दिवा सत्य ओळखत नव्हता, बाबांची सूचना ओळखत होता. घड्याळवाल्याने मखमल सोलली, खालची तार दाखवली, नळीचं टोपण फिरवून काढलं. आतून चुंबकाची कांडी घरंगळली आणि बाबांच्या चरणी ठेवलेल्या एका इस्त्रीला जाऊन चिकटली. आत सत्य वगैरे काही निघालं नाही.

बाबा टेम्पोकडे निघाले, पण टेम्पोभोवती लोक आधीच पोचले होते. पोलीस येईपर्यंत तिथे भांडण बाबांशी कमी आणि कोणता कुकर कोणाचा यावरच जास्त झालं.

बाईंच्या घड्याळाचं कोडंही तिथेच सुटलं. त्या चार दिवस पुढच्या रांगेत बसून घड्याळाच्या हाताने ज्योत धरत होत्या. घड्याळवाल्याने दुकानातल्या एका छोट्या यंत्रावरून ते घड्याळ फिरवलं, चुंबकत्व उतरलं, आणि काटे वेळेवर आले. बाईंनी माफी त्याच्या दुकानापुढे भर रस्त्यात मागितली, जिथे आरोप केला होता तिथेच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तो म्हणाला, "बसा बाई, चावी देऊन दाखवतो." त्याच्याकडून एवढं भाषण पुष्कळ होतं. कंडक्टरमामा मात्र दोन दिवस उदास होते. बस थांबवली नव्हती हे त्यांना दुसऱ्यांदा कळलं होतं.

खरी गंमत पुढच्या सोमवारी झाली. वहिनींच्या पायरीवर कोणीतरी फुलं ठेवली होती, आणि एक गृहस्थ हात जोडून उभे होते. तुमच्या हातात सिद्धी आहे, म्हणाले, सेलशिवाय उजेड काढता. वहिनींनी फुलं उचलून कपाटावरच्या पेल्यात ठेवली, गृहस्थांना स्टुलावर बसवलं, तारेचं रीळ आणि रिकामी नळी हातात दिली आणि म्हणाल्या, "मोजा. दीड हजार."

ते चारशेवर चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून बसले. संध्याकाळी त्यांचा दिवा लागला, तेव्हा त्यांनी हात जोडले नाहीत. ते नुसते वाकून नळीत बघत बसले.

माझं सांगणं एवढंच आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा की हे उघडतं कुठून. जो उघडू देत नाही, त्याला आपला मिक्सर देऊ नका.